भूगोलाच्या प्राध्यापकाला शिवारात जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांतील रिक्त पदे, राष्ट्रीय क्रमवारी आणि संशोधनाचा दर्जा यांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते. त्या चर्चेत सगळे विषय एकाच मापाने मोजले जातात आणि भूगोलासारख्या विषयाची खरी अडचण त्यात कुठे दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. राज्यातील एका विद्यापीठाच्या भूगोल विभागात मी दीर्घकाळ अध्यापन केले आणि आता निवृत्त आहे. त्यामुळे स्वतःसाठी काही मागायचे उरलेले नाही. भूगोलाच्या प्राध्यापकाने क्षेत्रावर, म्हणजे नदीकाठी, डोंगरउतारावर, गावात, बाजारात घालवलेला वेळ हे त्याचे मूळ काम आहे, असे विद्यापीठांनी, राज्य शासनाने आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य करावे आणि ते काम कार्यभारात व पदोन्नतीत मोजावे, एवढेच माझे मागणे आहे.

अनेक वाचकांची भूगोलाशी ओळख शाळेतील नद्या, राजधान्या आणि पिकांच्या याद्यांपाशी थांबलेली असते. विद्यापीठाच्या विभागात चालणारे काम वेगळे आहे. तिथे एक सहकारी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर नदीपात्राचे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतची उंची-खोलीची मापे, घेऊन काठ किती सरकला ते पाहत असतो, दुसरी आठवडे बाजारातील विक्रेते कुठल्या गावांहून येतात आणि रस्ता झाल्यावर त्यांचा पल्ला कसा बदलला याची नोंद करत असते, तर आणखी कोणी ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या गावी जाऊन मागे कोण राहते, जमीन कोण कसते, शाळेत कोण जाते हे विचारत असते. प्रयोगशाळेत नकाशे आणि उपग्रह प्रतिमा यांवर होणारे काम महत्त्वाचे आहेच; पण त्या प्रतिमेचा अर्थ काय, हे शेवटी जमिनीवर उभे राहूनच ठरवावे लागते.

या विषयाचे सामर्थ्य दाखवणारे एक उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातील डॉ. विश्वास काळे आणि त्यांच्या देशी-परदेशी सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात नर्मदेच्या खडकाळ घळईत जुन्या महापुरांचे पुरावे शोधले. महापुराच्या वेळी मुख्य प्रवाहाचा जोर जिथे पोचत नाही अशा आडोशाच्या जागी, खडकातील उंच कोनाड्यांत आणि उपनद्यांच्या तोंडाशी, पाणी संथ होते आणि बारीक वाळू व गाळ टाकून जाते. त्या थराची उंची पाणी किमान कुठवर चढले होते ते सांगते आणि थरात सापडलेल्या सेंद्रिय अवशेषांवरून त्याचा काळ ठरवता येतो. या पद्धतीने नर्मदेच्या सुमारे १,७०० वर्षांतील मोठ्या पुरांचा इतिहास लावता आला. आपल्या नद्यांवर प्रत्यक्ष मोजणी सुरू होऊन जेमतेम काही दशके, फार तर शतकभर झाले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे धरण बांधणाऱ्याला आणि पूररेषा आखणाऱ्याला अशा माहितीचे मोल किती, हे वेगळे सांगावे लागत नाही. हे थर आकाशातून दिसत नाहीत. त्यांच्यासाठी घळईत उतरावे लागते, कडेकपारीला चढावे लागते, एकेक थर खरवडून पाहावा लागतो आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी जावे लागते.

आज एखाद्या तरुण प्राध्यापकाला असे काम करायचे ठरले तर त्याच्यासमोर काय वाढून ठेवलेले असते, ते पाहू. पहिली अडचण वेळापत्रकाची. महाराष्ट्रातील नद्या वर्षभराचे काम पावसाळ्यातील मोजक्या दिवसांत करतात. काठ तुटतात, गाळ हलतो, उतार घसरतात, झरे फुटतात, सारे जून ते सप्टेंबर या काळात, आणि त्यातही काही दिवसांच्या अतिवृष्टीत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवरील वाईला हजाराच्या आत. एवढ्या अंतरात माती, पीक, ओढ्याचा आकार आणि घराचे छप्पर कसे बदलत जाते हे विद्यार्थ्याने भर पावसाळ्यात एकदा चालत पाहिले, तर पर्जन्यछायेवरची अनेक व्याख्याने वाचतात. पण नेमक्या याच महिन्यांत प्रवेश, पहिल्या सत्राचे अध्यापन, अंतर्गत मूल्यमापन, समित्यांच्या बैठका आणि नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या दर्जाच्या मूल्यांकनाच्या, फायली असतात. सुट्टी लागते ती एप्रिल-मेमध्ये, जेव्हा ओढा कोरडा पडलेला असतो.

आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास, तर सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक यांना १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. ही अपेक्षा वाजवी आहे आणि तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. तक्रार अशी, की विद्यार्थ्यांच्या तुकडीला घेऊन सकाळी सहाला निघालेला आणि रात्री नऊला परतलेला शिक्षक अनेक ठिकाणी त्या दिवशी कर्तव्य रजेवर असल्याची नोंद होते आणि त्याचे बुडालेले तास त्याने पुढच्या आठवड्यात भरून द्यावेत अशी अपेक्षा असते. डंपी लेव्हल हे उंचसखलपणा मोजण्याचे उपकरण लावून नदीचा छेद घ्यायला शिकवणे, शेतकऱ्याशी बोलताना प्रश्न कसा विचारावा हे दाखवणे, जांभ्याचा थर कुठे संपतो आणि खालचा बेसाल्ट कुठे सुरू होतो हे कातळावर हात ठेवून समजावणे, हे अध्यापन आहे. तेही वर्गातल्यापेक्षा अवघड, कारण तिथे प्रत्येक विद्यार्थ्याची सुरक्षितताही शिक्षकाच्याच अंगावर असते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला श्रेयांक दिले गेले, याचे मी मनापासून स्वागत करते. मात्र विद्यार्थ्याला श्रेयांक मिळाले तरी मार्गदर्शकाच्या कार्यभारात त्यासाठी पुरेसे तास धरले जात नाहीत, आणि मग गावाच्या सर्वेक्षणाऐवजी संकेतस्थळावरून उतरवलेली माहिती प्रकल्प म्हणून बांधली जाते. त्यासाठी विद्यार्थ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण गुणांकनाची आहे आणि ती अधिक खोलवर नुकसान करणारी आहे. आयोगाच्या याच २०१८ च्या नियमांत संशोधन गुणांचा जो तक्ता आहे, त्यात मान्यताप्राप्त नियतकालिकातील एका शोधनिबंधाला विज्ञान शाखेत ८ आणि मानव्य व सामाजिक शास्त्रांत १० गुण आहेत. (भूगोल दोन्हीकडे शिकवला जातो, एकच निबंध कोणत्या विद्याशाखेचा विभाग आहे त्यावर कमी-अधिक ठरावा, हेही पटणारे नाही.) लेखक दोनपेक्षा अधिक असतील तर प्रमुख लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येकाला ३० टक्के गुण मिळतात. आता क्षेत्रीय संशोधन हे स्वभावतःच अनेकांचे काम आहे. एकाने उपकरण लावायचे, दुसऱ्याने पट्टी धरायची, तिसऱ्याने मातीचे नमुने घ्यायचे, चौथ्याने नकाशा करायचा; वर्षानुवर्षे हे चालते आणि मग एखादा निबंध होतो. त्या निबंधातील चौथ्या नावाला १० पैकी ३ गुण, आणि तेवढ्याच काळात संगणकासमोर बसून एकट्याने लिहिलेल्या चार निबंधांना ४०. अशा हिशेबात कोणता तरुण शिक्षक घळईत उतरेल? काळजीपूर्वक केलेल्या नकाशासंग्रहाला, दहा वर्षांच्या क्षेत्रनोंदींच्या संचाला या तक्त्यात स्वतंत्र जागाच नाही. १९८६ मध्ये प्रा. के. आर. दीक्षित यांनी महाराष्ट्राचा नकाशासंग्रह सिद्ध केला होता. आज कोणी तसे काम हाती घेतले तर पदोन्नतीच्या अर्जात ते कोणत्या रकान्यात लिहावे, हाच प्रश्न पडेल.

त्यातच नियतकालिकांच्या याद्या बदलत राहिल्या. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एकदम काढून टाकली, ते योग्यच होते, कारण त्यांतील कित्येक पैसे घेऊन काहीही छापत होती. पुढे तिच्या जागी आयोगाचीच ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही मागे घेतली गेली. पाच-सात वर्षे चालणारे क्षेत्रकार्य आज सुरू करणाऱ्याला, ते पूर्ण होईल तेव्हा कोणत्या यादीने मोजले जाईल हे ठाऊक नसते. त्यामुळे सुरक्षित मार्ग निवडला जातो. दोन वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा घ्यायच्या, एका तालुक्याच्या भूमी उपयोजनातील बदलाचा तक्ता करायचा, आणि पुढच्या प्रबंधात तालुका बदलायचा. हे काम वाईट आहे असे नाही, पण त्यात प्रश्न क्वचितच असतो.

उपग्रह आणि ड्रोन असताना आता पायी कशाला फिरायचे, असे काही प्रशासकांकडून ऐकायला मिळते, म्हणून थोडा तपशील देते. भारतीय दूरसंवेदन उपग्रहांवरील लिस-३ या संवेदकाचा एक पिक्सेल २३.५ मीटर लांब-रुंद असतो, म्हणजे जमिनीवरचे सुमारे साडेपाच गुंठे. मुळशी, वेल्हे किंवा भोरकडील भाताची खाचरे पुष्कळदा याहून लहान असतात. एका पिक्सेलमध्ये खाचर, बांध, बांधावरचा आंबा आणि शेजारची पडीक वरकस जमीन हे सारे मिसळलेले येते. दर ३० मीटरला जमिनीची एक उंची देणाऱ्या संगणकीय प्रतिमानात एका चौकोनाला नऊ गुंठे लागतात आणि उंचीत काही मीटरची चूक असू शकते. गावाच्या वरच्या अंगाला पडलेली दीड-दोन मीटरची घळ, उतारावर नव्याने उघडलेली भेग, विहिरीचे पाणी अचानक गढूळ होणे, या गोष्टी त्यात येत नाहीत. अधिक सूक्ष्म प्रतिमा मिळतात, ड्रोनही उपयोगी आहेत; पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर की चूक हे तपासायला माणूस तिथे जावाच लागतो.

माहिती मिळवणे तर पूर्वीपेक्षा खूपच सोपे झाले आहे. २००५ च्या नकाशा धोरणापूर्वी किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातील टोपोशीट, म्हणजे उंचसखलपणा, नद्या, रस्ते व गावे दाखवणारे सविस्तर सरकारी नकाशे, निर्बंधित असत, म्हणजे जवळजवळ अख्ख्या कोकणाचा नकाशा विभागाच्या कपाटात कुलूपबंद ठेवावा लागे आणि विद्यार्थ्याला दाखवतानाही नोंद करावी लागे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र शासनाने भूस्थानिक माहितीवरील बरेचसे निर्बंध उठवले. एक मोठी उणीव मात्र आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरला आहे, आणि तोवर लोकसंख्या भूगोलातील प्रबंध २०११ च्याच आकड्यांवर उभे आहेत. पुणे किंवा नाशिकच्या परिसरातील एखाद्या गावाचे एवढ्या काळात पार शहर झाले, त्याविषयी २०११ चा आकडा काय सांगणार? अशा वेळी तर विभागांनी स्वतः घरोघर जाऊन केलेल्या सर्वेक्षणाला अधिकच महत्त्व येते.

पण जाणार कोण? मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त आहेत आणि अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर सोपवलेला आहे. त्यांना घेतलेल्या तासापुरते मानधन मिळते, सुट्टीत काहीच मिळत नाही, आणि क्षेत्रकार्य तर सुट्टीत ढकललेले असते. पीएच.डी.चा मार्गदर्शक नियमित, पूर्णवेळ शिक्षकच असावा लागतो आणि त्यालाही पदानुसार ८, ६ किंवा ४ इतकेच विद्यार्थी घेता येतात. साहजिकच एक पद रिक्त राहिले की तेवढ्या संशोधकांची जागा नाहीशी होते. मी अशा अनेक तरुण शिक्षकांना ओळखते, ज्यांना आपल्या तालुक्यातील प्रत्येक ओढा ठाऊक आहे आणि जे एकाच आठवड्यात तीन महाविद्यालयांत तास घेत एसटीने फिरतात. त्यांच्याकडून दीर्घकालीन संशोधनाची अपेक्षा करणे अन्याय आहे.

याचा सर्वाधिक फटका विद्यार्थिनींना बसतो, आणि याबद्दल फारसे बोलले जात नाही. मुक्कामी क्षेत्रभेटीसोबत महिला शिक्षक असणे आवश्यक असते आणि ते योग्यच आहे. विभागातील एकमेव महिला शिक्षक तासिका तत्त्वावर असेल, तर भेट रद्द होते किंवा मुलींपुरती एका दिवसाची होते. निवासाची, स्वच्छतागृहाची सोय नाही म्हणून पालक नकार देतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला गेलेल्या पुण्यातील विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला, तेव्हापासून सहलींविषयीचे नियम कडक झाले. त्या नियमांची गरज मी पूर्णपणे मान्य करते. परंतु अभ्यासक्रमाचा भाग असलेले क्षेत्रकार्य आणि करमणुकीची सहल यांना एकच अर्ज आणि एकच अटी लागू केल्याने प्राचार्यांना परवानगी नाकारणे हाच सोपा मार्ग वाटतो. क्षेत्रकार्यासाठी स्वतंत्र सुरक्षा नियमावली, विद्यार्थी व शिक्षक दोघांचाही विमा, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण आणि स्थानिक तहसील कार्यालयाला पूर्वसूचना, एवढी व्यवस्था केली तर भीतीपोटी होणारे नकार थांबतील. यासाठी लागणारा पैसा एखाद्या चर्चासत्राच्या खर्चाहून फार अधिक नाही.

क्षेत्रकार्य जिथे झाले तिथेही त्याची नोंद टिकत नाही, हे मला सर्वांत जास्त सलते. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जातो, पण त्यामागची क्षेत्रवही, नदीछेदांचे आकडे, प्रश्नावल्या आणि छायाचित्रे विभागाच्या कपाटात राहतात आणि शिक्षक निवृत्त झाला, विभागाचे स्थलांतर झाले की रद्दीत जातात. नदीचा काठ दहा वर्षांत किती सरकला हे सांगण्यासाठी दहा वर्षांपूर्वीचा छेद नेमका कोणत्या जागी घेतला होता ते कळावे लागते. प्रत्येक संशोधकाने नव्याने सुरुवात करायची आणि तीन-चार वर्षांत संपवायचे, असे चालले तर हळूहळू होणारा कोणताही बदल आपल्या विषयाला कधीच दिसणार नाही. म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या भूगोल विभागाने आपल्या परिसरातील एक लहान पाणलोट क्षेत्र निवडावे, तिथे कायम खुणा रोवाव्यात, आणि पाऊस, ओढ्याचा प्रवाह, काठाची धूप, विहिरींची पातळी, पिके आणि वस्ती यांची नोंद पिढ्यानपिढ्या ठेवावी, असे मी सुचवते. विभागप्रमुख बदलला तरी ती नोंद थांबू नये आणि ती सर्वांना पाहता यावी. दरवर्षी नव्या तुकडीला शिकवण्याचे काम त्याच जागी होईल आणि संशोधनही त्यातूनच उभे राहील. विद्यार्थ्यांनी काढलेले निष्कर्ष वर्षातून एकदा ग्रामसभेपुढे मराठीत मांडावेत. ज्यांच्या अंगणात बसून आपण तासन्‌तास प्रश्न विचारतो, त्यांना उत्तर कळण्याचा हक्क आहे.

अशा नोंदींचा उपयोग विद्यापीठापुरता नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा शासनातर्फेच सांगण्यात आले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी माळीण आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे काय घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. भूगोल विभागांनी पाहणी केली असती तर या दुर्घटना टळल्या असत्या, असा दावा मी करणार नाही. तसा दावा करणे मृतांविषयी अनादर ठरेल. मात्र पुणे, रायगड, सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या जिल्ह्यांत भूगोल शिकवणारी महाविद्यालये आहेत, त्यांतील कित्येक विद्यार्थी याच डोंगराळ वाड्यांतून येतात, आणि उतारावरील भेगा, झऱ्यांच्या बदललेल्या जागा, नव्या रस्त्यासाठी कापलेला डोंगर यांची नोंद घेण्याचे शिक्षण त्यांना देता येते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा दरवर्षी अद्ययावत करताना जिल्हा प्रशासनाने या विभागांना सोबत घ्यावे आणि त्यांच्या नोंदी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासारख्या तज्ज्ञ संस्थांकडे तपासणीसाठी पाठवाव्यात. यादी पूर्ण व्हायची तर उतारांवर नियमितपणे चालणारी माणसे लागतात.

आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये शिक्षकांच्या नियुक्ती व पदोन्नतीविषयीच्या नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला होता. गुणांची बेरीज सोडून उल्लेखनीय योगदानाची क्षेत्रे पाहावीत, असा त्याचा रोख आहे आणि त्यात भारतीय भाषांतील अध्यापन, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मार्गदर्शन आणि समाजाभिमुख कार्य यांचा उल्लेख आहे. त्या मसुद्यातील कुलगुरू निवडीसारख्या इतर तरतुदींवर वाद आहेत आणि ते रास्त आहेत. पण योगदानाच्या या क्षेत्रांत दीर्घकालीन क्षेत्रनोंदी आणि नकाशानिर्मिती यांचा स्पष्ट शब्दांत समावेश करून घेण्याची संधी यात आहे. भूगोल, भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पुरातत्त्व, मानवशास्त्र अशा सर्वच क्षेत्राधारित विषयांच्या शिक्षक संघटनांनी ही मागणी एकत्रितपणे लावून धरावी, अशी माझी विनंती आहे.

आयोगाचा निर्णय होईपर्यंत थांबण्याचे कारण मात्र विद्यापीठांना नाही. क्षेत्रावरील पूर्ण दिवस अध्यापनाचे किमान सहा तास धरले जावेत, भूगोलाच्या वेळापत्रकात जुलै ते सप्टेंबरमधील काही आठवडे क्षेत्रकार्यासाठी मोकळे ठेवावेत आणि त्या काळातील वर्ग सत्राच्या उत्तरार्धात घ्यावेत, एवढे निर्णय अभ्यासमंडळ आणि विद्या परिषद आपल्या अधिकारात घेऊ शकतात. पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक मंजूर होण्यापूर्वी संबंधित अभ्यासमंडळांनी हा प्रस्ताव मांडावा आणि रिक्त पदांची भरती करताना प्रत्येक भूगोल विभागात किमान एक नियमित महिला शिक्षक असेल, याची खात्री शासनाने करावी.

आपली,
एक निवृत्त भूगोल प्राध्यापिका, पुणे
(नाव प्रसिद्धीसाठी नाही)